खंडेनवमीची रायफल

मी डावखुरी आहे, आणि या एका गोष्टीवरून माझी जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कशावरून झाली नसतील. लहानपणी डाव्या हाताने घास घेतला की चापट बसायची. पुढे डॉक्टर झाले, साउथहॅम्प्टनला भूलतज्ज्ञ म्हणून नोकरीला लागले, तेव्हा वाटलं, सुटले. मग हरणांच्या शिकारीचा नाद लागला आणि कळलं की इथल्या रायफलीसुद्धा उजव्या लोकांसाठीच केलेल्या असतात. नवीन काडतूस आत घ्यायच्या खटक्याची मूठ उजव्या बाजूला. प्रत्येक गोळीनंतर मला हात नळीवरून पलीकडे न्यावा लागायचा, आणि तेवढ्यात हरीण जागचं हललेलं असायचं.

म्हणून मी लिव्हरची रायफल घेतली. तिचा दांडा खाली, चापाच्या भोवती असतो. तो पुढे ढकलला की रिकामं काडतूस बाहेर, मागे ओढला की नवीन आत. हात कुठला आहे याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. दुकानात ती हातात घेतली तेव्हा मला चक्क रडू आलं, आणि दुकानदारासमोर रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका मला विचारतात, 'हरणाला मारवतं तरी कसं गं तुला?' आणि विचारता विचारता चिकनचा रस्सा दुसऱ्यांदा वाढून घेतात. इथे हरणांना खाणारं जनावर उरलेलं नाही. ती वाढत जातात, कोवळी झाडं सोलून काढतात, गाड्यांखाली येतात. कुणीतरी ती कमी करावीच लागतात. माझं म्हणणं एवढंच, की ते काम एका गोळीत व्हावं. दिवसभर माणसांना न दुखवता झोपवणारी बाई आहे मी, तडफडणं म्हणजे काय ते मला कळतं.

पण त्या वर्षी मी ज्या शेतावर जायचे ते विकलं गेलं. शिकारीला जागा नसेल तर पोलीस रायफल ठेवू देत नाहीत, हा इथला साधा नियम. तासाभराच्या अंतरावर एक जंगल होतं. तिथली हरणं एक म्हातारा शिकारी सांभाळायचा, आणि त्याला आता गुडघ्यांमुळे मदतनीस हवा होता. फोनवर म्हणाला, शनिवारी या, ऐंशी यार्डांवरून तीन गोळ्या बशीएवढ्या वर्तुळात मारून दाखवा, मी परवानगीचं पत्र देतो. ते पत्र मिळालं तर रायफल माझी, नाहीतर ती परत करायची.

शनिवारच्या आधी खंडेनवमी आली. सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. त्यांनी पाटावर नवऱ्याचा लॅपटॉप, माझा स्टेथोस्कोप आणि विळी मांडली आणि म्हणाल्या, "खरं शस्त्र घरात असताना विळीची कसली पूजा?" बंदुकीच्या कपाटाची किल्ली कुठे आहे हे घरच्यांनाही सांगायचं नसतं, म्हणून त्यांना दिवाणखान्यात बसवून मी रायफल आणली आणि पाटावर ठेवली. दांडा पुढे ढकलून आतला भाग उघडा ठेवला. बंदुकीच्या कोर्समध्ये तेच शिकवतात: बंदूक रिकामी आहे हे बघणाऱ्याला दिसलं पाहिजे. सासूबाईंनी लाकडाला हळदकुंकू लावलं आणि त्या उघड्या फटीवर आपला धुतलेला रुमाल घातला. मी तो उचलून बाजूला ठेवला. म्हटलं, असं झाकायचं नसतं, नियम आहे. त्यांनी तो घडी करून कमरेला खोचला.

मग अक्षता. नवऱ्याने दोन दाणे टाकले, त्यांनी दोन टाकले. मी हात पुढे केला, तशा त्या सवयीने म्हणून गेल्या, "उजव्या हाताने गं."

माझं डोकंच फिरलं. ज्या हातासाठी ही रायफल आणली तोच हात पुन्हा चुकीचा. मी उजव्या हाताने अख्खी मूठ भरली आणि भिरकावली. दाणे सोफ्याखालीसुद्धा गेले. नंतर मी लाकूड पुसलं, नळीतून कापड फिरवलं आणि कपाट बंद केलं.

शनिवारी नवरा गाडी चालवायला आला. त्याला फटाक्यांचीही भीती वाटते, तरी आला. म्हातारा फाटकाशी उभा होता. त्याने नवऱ्याशी हात मिळवला आणि विचारलं, आतापर्यंत किती हरणं मारलीत? नवऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं. म्हातारा सॉरी म्हणाला, पण मग रायफल बघून हसला आणि म्हणाला, ही तर काउबॉयची बंदूक. मी दात आवळले. इतक्या वर्षांत ऑपरेशन थिएटरमध्ये किती जणांनी मला नर्स समजून हाक मारली असेल, तेवढ्या सगळ्यांचा राग त्या एका हसण्यावर गोळा झाला.

मातीच्या बांधासमोर कागद लावला होता. तीन काठ्यांच्या आधारावर रायफल टेकवली, श्वास सोडला आणि गोळी झाडली. म्हाताऱ्याने दुर्बिणीतून पाहिलं आणि मान डोलावली. बरोबर मधे. मी दांडा पुढे ढकलला, मागे ओढला. बंद व्हायला बोटभर उरलं असताना तो अडकला. पुन्हा ओढला. अडकलेलाच. म्हातारा म्हणाला, सावकाश. मला ते 'सावकाश' सहन झालं नाही. मी तळहाताने दांड्यावर दोनदा हाणलं. दुकानदाराने खराब माल गळ्यात मारला, म्हातारा आता 'काउबॉय' म्हणून पुन्हा हसणार, आणि मागे नवरा काहीतरी समजुतीचं बोलत होता. त्याला गप्प राहायला सांगायला मी वळले.

रायफल हातात घेऊन वळले.

म्हाताऱ्याचा हात नळीवर आला आणि त्याने ती जमिनीकडे दाबून धरली. ओरडला नाही. नवरा थर्मास धरून जिथल्या तिथे उभा होता. दांडा अडकलेला असताना गोळी सुटत नाही, हे मला माहीत होतं. नवऱ्याला माहीत नव्हतं.

म्हाताऱ्याने काडतुसं काढून खिशात टाकली, गाडीच्या बॉनेटवर पोतं पसरलं आणि स्क्रू सोडवून रायफल उघडली. आतल्या खाचेतून चिमट्याने एक दाणा काढून माझ्या तळहातावर ठेवला. कुंकवाने लाल झालेला तांदूळ. त्याने विचारलं, हे काय?

मी तिथेच फोन बॉनेटवर ठेवून घरी लावला, स्पीकरवर. सासूबाईंना म्हटलं, "तुमच्या त्या पूजेपायी माझी बंदूक अडकली. हौस फिटली ना आता तुमची?" आणखीही बरंच बोलले. ते मराठीत होतं, पण म्हाताऱ्याला सूर कळत होताच. पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "चुकलं गं माझं." मी फोन ठेवला.

म्हाताऱ्याने रायफल जोडून परत दिली आणि म्हणाला, "तांदळाचं मला काही वाटत नाही. माझ्या बंदुकीत एकदा गांधीलमाशी निघाली होती. पण तुमचा हात चांगला आहे आणि तुम्हाला राग येतो. जखमी हरीण झाडीत गेलं की दोन-दोन तास शोधावं लागतं. तेव्हा असा राग आलेला माणूस मला शेजारी नको." पत्र त्याच्या खिशात होतं, आल्या आल्या त्याने दाखवलं होतं, टाईप केलेलं, फक्त सही राहिलेली. पाकीट मला दिसत होतं. त्याने ते बाहेर काढलं नाही.

गाडीत मी तासभर एकटीच बोलत होते. म्हाताऱ्याला, दुकानदाराला, सासूबाईंना नावं ठेवत होते. घर जवळ आल्यावर नवरा एकच वाक्य बोलला. "आईने त्या फटीवर रुमाल घातला होता, अक्षता आत जाऊ नयेत म्हणून."

म्हणजे फट उघडी ठेवणारी मी, रुमाल काढणारी मी, आणि मूठभर तांदूळ फेकणारीही मीच.

सासूबाई स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होत्या. मी विचारलं, रुमालाचं फोनवर का नाही बोललात? त्या म्हणाल्या, "तिथे परकी माणसं होती ना. तुझी परीक्षा चालली होती." मग त्यांनी नवऱ्याला विचारलं, काय झालं तिकडे? तो म्हणाला, काही नाही, बंदूक अडकली, एवढंच. नळी कुठे वळली होती ते त्याने आईला सांगितलं नाही. ते त्याने कुणालाच सांगितलेलं नाही, मलासुद्धा कधी ऐकवलेलं नाही.

रायफल मी पुढच्याच आठवड्यात दुकानात परत दिली. दुसरी जागा शोधता आली असती, पण शोधली नाही. त्या शनिवारी मी प्रत्येकावर चिडले, आणि माझ्यावर कुणीच चिडलं नाही. त्याचा राग मला अजून येतो.