झेरॉक्समामाची मूळ कागदपत्रं

ही हकिगत मी इतकी वर्षं टाळली, कारण तिच्यात चूक माझी आहे. दुसऱ्या कोणाची असती, तर त्याच संध्याकाळी आमच्या अख्ख्या उस्मानपुऱ्याला सांगून मोकळा झालो असतो! आता सत्तरी उलटली, माझी पत्नी सुमन जाऊन तीन वर्षं झाली, आणि तिच्या धाकट्या भावाला, अशोकला, आमचं सगळं खानदान आजही 'झेरॉक्समामा' म्हणतं. त्या नावाचा खरा मानकरी मी आहे.

अशोकनं आयटीआय केलं होतं. त्याला वाळूजच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून मुलाखतीचं पत्र आलं. त्या काळी वाळूजला चिकटलेला पोरगा म्हणजे गावात कलेक्टरच्या खालोखाल! त्यांच्या घरात तोवर कोणी पगाराचा माणूस झाला नव्हता. पत्र घेऊन तो चितेगावजवळच्या गावाहून थेट आमच्याकडे आला.

"दाजी, तयारी तुम्हीच करून घ्या. तुम्हाला इंटरव्ह्यूचं लई माहिती."

(माहिती कशी? मी सरकारी कचेरीत रेकॉर्ड रूम सांभाळायचो. मुलाखती असल्या की मला बाहेर स्टुलावर बसवून नावं पुकारायला लावत. म्हणजे माझा सगळा अभ्यास दाराचा होता!)

पण मेहुण्यानं 'लई माहिती' म्हटल्यावर कोणता जावई नाही म्हणेल? आठ दिवस आमच्या बाहेरच्या खोलीत मुलाखत चालली. मधे मी, एका बाजूला सुमन, दुसऱ्या बाजूला शेजारचे करीमभाई. करीमभाई शिंपी होते. माझा लग्नातला कोट अशोकच्या मापाचा करायचं काम त्यांच्याकडे होतं, म्हणून त्यांनाही पॅनेलवर घेतलं.

"तीनदा 'बसा' म्हटल्याशिवाय बसायचं नाही," मी बजावलं.

"आन् ते दोनदाच म्हणले तर?"

"तर उभाच राहा!"

"अहो, तासाभरापासून उभा आहे तो," सुमन म्हणाली. "पोहे तरी खाऊ द्या बसून."

"मुलाखतीत पोहे देत नाहीत!"

करीमभाईंनी कोटाकडे बघून मान हलवली. "कोट तो बराबर है मियाँ, आदमीच छोटा पड रा."

मी त्याच्याकडून 'माय स्ट्रेंथ' आणि 'माय विकनेस' इंग्रजीत पाठ करून घेतलं. दोन्ही मीच लिहिलं होतं. (विकनेसमध्ये 'मी फार प्रामाणिक आहे' असं होतं. माझा अनुभव त्यात कुठंच नव्हता!)

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी मी त्याची फाईल लावायला घेतली, आणि इथंच माझ्यातला रेकॉर्ड किपर जागा झाला. आमच्या खात्याचा एकच धर्म: मूळ कागद दप्तराबाहेर जाता कामा नये! जाईल ती झेरॉक्स, साक्षांकित, पानावर आकडे घातलेली. मी आमच्या साहेबांचा सही-शिक्का घेतलेल्या प्रती टॅगनं बांधल्या आणि मूळ प्रमाणपत्रं पाकिटात घालून लोखंडी कपाटात बंद केली. पत्रात 'मूळ कागदपत्रं सोबत आणावीत' असं स्पष्ट छापलं होतं. मी ते वाचलंही होतं. म्हटलं, असं लिहायची पद्धतच असते, बघतो कोण! अशोकला सांगायची गरज मला वाटली नाही. त्यानं सकाळी ती जाडजूड फाईल छातीशी धरली, मला नमस्कार केला आणि निघाला.

मुलाखत झाली ती माझ्या मदतीशिवाय. इंग्रजी तो पहिल्याच प्रश्नाला विसरला. मग सरळ म्हणाला, "साहेब, पाठ केलेलं आठवून सांगू, का खरं सांगू?" साहेब हसले. "खरं सांग." त्यानं खरं सांगितलं. साहेबांनी हातात एक दांडा दिला, त्याचं माप त्यानं बिनचूक काढलं. साहेब म्हणाले, "शाब्बास! आता मूळ कागद दाखव."

दुपारी कचेरीत मला त्याचा फोन आला, कारखान्यासमोरच्या बूथवरून.

"दाजी, मला घेतलं! पण फाईलमधी ओरिजनल नायत हो! चारपर्यंत दाखवले नाय तर पुढच्याला घेणार म्हणतेत!"

'ते मी कपाटात ठेवलेत' एवढंच मला म्हणायचं होतं. पण समोर आमचे साहेब उभे, आजूबाजूला चार कारकून कान देऊन. माझ्या तोंडून निघालं, "अरे, निघताना बघून घ्यायचं नाही का?"

 मग तो हळूच म्हणाला, "व्हय दाजी. चुकलंच माझं."

घरी पोचलो तर दाराला कुलूप! कपाटाची किल्ली सुमनच्या पर्समध्ये, आणि सुमन गुलमंडीच्या बाजारात. अर्ध्या तासानं ती रिक्षातून उतरली, हातात पेढ्यांचा पुडा.

"लागली ना नोकरी? मला खात्रीच होती!"

"किल्ली दे आधी! कागद राहिलेत घरी."

"अगं बाई! विसरला?"

तिनं 'कोण' ते विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. नुसता "हो" म्हणालो.

कपाटातून पाकीट ओढलं आणि स्कूटर हाणली. छावणीपाशी ती बंद पडली. आडवी केली, उभी केली, लाथा मारल्या, विनवण्या केल्या. चाराला दहा मिनिटं असताना गेटवर पोचलो. अशोक कोटात घामानं निथळत उभा होता. त्यानं पाकीट झडप घालून घेतलं, आम्ही दोघं आत धावलो आणि त्यानं ते साहेबांसमोर उघडलं.

आत आमच्या घराची बारा वर्षांची लाईट बिलं निघाली. महिन्यावार लावलेली!

मी सगळी पाकिटं एकसारखी ठेवायचो. दप्तराला शिस्त दिसते ना! साहेबांनी दोन-चार बिलं चाळली. "भरता मात्र वेळेवर हं तुम्ही," ते म्हणाले, आणि पुढच्या पोराला हाक मारली.

त्या वर्षी लागलेल्या पोरांनी पुढं बजाजनगरात दुमजली घरं बांधली. अशोक चितेगावला दुसऱ्याच्या लेथवर उभा राहिला, आणि स्वतःचं छोटं वर्कशॉप काढायला त्याला वीस वर्षं लागली. नाव मात्र त्याला आठवड्यातच मिळालं. त्याच्या लग्नात कोणीतरी ओरडलं, "नवरदेव स्वतः आलाय, का प्रत पाठवली?" मांडव हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. दर भाऊबीजेला ओवाळताना सुमन त्याला म्हणायची, "जाताना डोकं घेऊन जा रे बाबा." तिला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात अशोकचा फोन आला. पोरीची, पूजाची, मुलाखत होती, कम्प्युटरवर. "दाजी, तुम्ही येऊन चार गोष्टी सांगा. तुमचा आशीर्वाद पायजे." ठरवलं, आता सांगायचंच! चितेगावला पोचेपर्यंत रिक्षात वाक्य घोकत होतो: चूक माझी होती, चूक माझी होती.

पूजाला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. तिला फक्त म्हटलं, "बाळा, खरं सांग, बास." मग अशोकला बाजूला घेतलं.

"अशोक, त्या दिवशीचे ते कागद..."

"आता काहून आठवण काढता, दाजी?" त्याची मान खाली गेली. "मला अजून लाज वाटती बघा. भर उन्हात तुम्ही माझ्यासाठी धावत आले. घाईत पाकीट बदललं, ते बी माझ्याच पायी. तुमची माफी मागायची तेवढी राहूनच गेली."

आणि पन्नाशी ओलांडलेला तो माणूस, केस पिकलेले, हाताला ग्रीस, पूजासमोर माझ्या पायाशी वाकला.

तीन शब्द होते. घोकलेले होते. मी तोंडही उघडलं.

"अरे, होतं असं माणसाकडून," मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो. "मी तुला केव्हाच माफ केलंय!"

माफी मागायला गेलो होतो, आणि साहेबासारखी मंजूर करून आलो!