भाऊसोंचा घोडा

भाऊसो माझ्या आयुष्यात आले ते थेट माझ्या पायावरून. साल शहाण्णव. सांगलीतल्या चित्रपट महोत्सवाचा पहिला दिवस. पडद्यावर परदेशातला एक म्हातारा बर्फातून हरवलेला घोडा शोधत हिंडत होता. तेवढ्यात अंधारात एक डोंगर उठला, अकरा जणांचे गुडघे ओलांडत आला आणि माझ्या अंगठ्यावर उभा राहिला. मी जी आरोळी ठोकली ती मिरज जंक्शनपर्यंत गेली आणि तिथली एक मालगाडी शिटी समजून निघून गेली म्हणतात. डोंगर वाकून एवढंच म्हणाला, "गाडी हाय हो."

गाडी म्हणजे तासगावच्या पुढे त्यांच्या गावाला मुक्कामी जाणारी सव्वाआठची एसटी. भाऊसो तासगावला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये वजनकाट्यावर होते. रजा काढून चारही दिवस महोत्सवाला येणार होते, पण शेवट एकाही चित्रपटाचा दिसेना.

दोष एसटीचा नव्हता. आमच्याकडे बोअरला पाणी लागलं तरी आधी बोअरवाल्याला फेटा बांधतात. सहाचा चित्रपट सहाला लागेल कसा? आधी प्रोजेक्टरची पूजा, मग पाहुण्यांचा सत्कार, मग पाहुण्यांना गाडीतून आणणाऱ्याचा. सुरुवात व्हायला सव्वासात. तीन दिवसांत भाऊसोंनी एक चोर न पकडलेला आणि एक लग्न न लागलेलं सोडून दिलं. त्याचं त्यांना फार नव्हतं. घोड्याने मात्र त्यांची झोप घालवली होती.

"शेवट सांगू का?" मी विचारलं. महोत्सव भरवणाऱ्या आमच्या मंडळातले सगळेच त्या शेवटाचं कौतुक करत होते, त्यात मीही होतो.

"आवं, सांगू नगा. मी बघणार हाय."

मग मीच त्यांना अर्ज लिहून दिला: शेवटच्या दिवशी घोडा पुन्हा दाखवावा, बरोबर सहाला सुरू करावा. अध्यक्ष चिंतामणराव अर्ज वाचून इतके हेलावले की जागेवरच मंजूर केला. रविवारी भाऊसो साडेपाचलाच पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर जाऊन बसले.

सहा वाजता चिंतामणराव मंचावर आले. आज पाहुणे नाहीत, पूजा नाही, असं त्यांनी जाहीर केलं. भाऊसोंनी समाधानाने पाय पसरले. आज फक्त एकच सत्कार, चिंतामणराव म्हणाले, आपल्या ग्रामीण रसिकाचा.

दोघांनी धरून भाऊसोंना वर नेलं. डोकं मोठं, फेटा दोनदा सुटला, तिसऱ्यांदा दुसरा मागवला. मग शाल, श्रीफळ आणि ग्रामीण रसिकतेवर पंचवीस मिनिटं भाषण. भाऊसो घड्याळ बघत होते. त्यांची खाली घातलेली मान पाहून लोक त्यांच्या नम्रतेचं कौतुक करत होते. शेवटी माईक त्यांच्या हातात दिला.

"मला काय बोलायचं न्हाई. घोडा लावा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. या साधेपणाने चिंतामणरावांचा कंठ दाटून आला आणि तो मोकळा करायला त्यांनी आणखी पंधरा मिनिटं घेतली. घोडा लागला सात वाजून दहा मिनिटांनी. आठ वाजता, म्हातारा नदीपाशी पोचत असताना, भाऊसो उठले. मीही त्यांच्या मागे स्टँडवर गेलो. फेट्यातला माणूस पाहून कंडक्टरने त्यांना खिडकीची जागा दिली.

गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी मान बाहेर काढली. "सांगा आता. घावला का घोडा?"

"भाऊसो," मी म्हणालो, "त्या दिवशी शेवटची दहा मिनिटं मला झोप लागली होती."

त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि काच ओढून घेतली.

चित्रपटाची रिळं सोमवारी सकाळी पुण्याला परत गेली. पुढच्या वर्षी महोत्सव झाला नाही.