डोसाचे रातकिडे

भानुदास रामटेके यांच्याबद्दल चांगलं लिहायचं तर आधी स्वतःबद्दल वाईट लिहावं लागतं, म्हणून मी इतकी वर्षं टाळाटाळ केली.

ते मूळचे नागपूरच्या इंदोऱ्याचे. केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून अठ्ठ्याहत्तर साली अमेरिकेत आले आणि ह्यूस्टनच्या पलीकडे पॅसाडिनात एका केमिकल प्लँटच्या लॅबमध्ये लागले. उंची बेताची, आवाज बारीक, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक छोटी वही. बोलण्याआधी चष्मा पुसायची सवय, आणि पुसून झाल्यावरही पुष्कळदा काहीच बोलत नसत. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात खुर्च्या मांडायला सगळ्यांच्या आधी हजर, फोटोत सगळ्यांच्या मागे. त्यांना कोणी घरी जेवायला बोलावल्याचं माझ्या कानावर आलं नव्हतं. मी बोलावलं नव्हतं, एवढं तर मला पक्कं ठाऊक आहे.

आम्ही शुगर लँडला राहायचो. घर शुद्ध शाकाहारी, म्हणजे माझं स्वयंपाकघर शाकाहारी. माझा नवरा कुमार ऑफिसात लंचला बर्गर खायचा. बाहेर काय ते खा, घरात अंडंसुद्धा नको, असा आमचा तह होता. दोन घरं सोडून मनोहर सावंत राहायचा. तो दर रविवारी बॅकयार्डात चिकन भाजायचा आणि त्याच्याकडचा चहा मी आनंदाने प्यायचे. माझं सोवळं असं सोयीचं होतं.

शहाण्णवच्या ऑक्टोबरात माझी नऊ वर्षांची लेक अनया शाळेतून एक पिल्लू घेऊन आली. तिच्या सायन्सच्या टीचरकडे बिअर्डेड ड्रॅगनला पिल्लं झाली होती. हा ऑस्ट्रेलियातला सरडा, मोठा झाला की गळ्याखाली काटेरी दाढी फुगवणारा. हे मात्र बोटाएवढं होतं. दिव्याखाली अंग चपटं करून पसरायचं, म्हणून अनयाने त्याचं नाव ठेवलं डोसा.

टीचरने कागदावर लिहून दिलं होतं. पिल्लांना रोज दोन-तीन वेळा छोटे जिवंत रातकिडे, जोडीला बारीक चिरलेला पाला. मी रातकिड्यांवर काट मारली. आपल्या घरात राहायचं तर आपल्यासारखं खाईल! मेथी, कोथिंबीर, किसलेलं गाजर, मोड आलेले मूग, सगळं निगुतीने चिरून ठेवलं. भूक लागली की पोरं मुकाट खातात, हे माझं शास्त्र. अनया पहिलीत असताना भेंडी खात नव्हती, तिलाही मी तशीच वठणीवर आणली होती.

डोसाने मेथी एकदा चाटून पाहिली आणि तोंड फिरवलं. दहा दिवसांत त्याच्या शेपटीच्या मुळाशी हाडं दिसायला लागली, डोळे आत गेले. अनया शाळेतून आली की दप्तर पाठीवर तसंच ठेवून त्या काचेच्या पेटीपुढे बसायची. एका संध्याकाळी मान न वळवता म्हणाली, "मम्मी, ही इज स्टार्व्हिंग. बिकॉज ऑफ यू."

प्राण्यांच्या डॉक्टरनेही तेच सांगितलं. किडे द्या, आठवडाभरात खायला लागलं नाही तर हे पिल्लू जगणार नाही.

आता आली का पंचाईत! पिल्लू मेलं तर लेक मला जन्मभर माफ करणार नव्हती, आणि माझ्या ओट्याशेजारी जिवंत किड्यांचा डबा ठेवायची कल्पनाही मला सहन होत नव्हती. तेव्हा मला भानुदासजी आठवले. लगेच आठवले. विचार करावा लागला नाही. आज मला सगळ्यात जास्त लाज त्या 'लगेच'ची वाटते.

शनिवारी अनयाला आणि पेटीला गाडीत घालून मी पस्तीस मैल ड्राइव्ह करून पॅसाडिनाला गेले. त्यांच्या दारातच म्हणाले, "भानुदासजी, पिल्लाला किडे घालायचेत. तुमच्याकडे चालतं ना असलं?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, अनयाकडे पाहिलं. तिचे डोळे रडून सुजले होते. "ठेवून जा," ते म्हणाले. "पण पोरीने दर शनिवारी यायचं. पिल्लू तिचं आहे."

त्यांच्या पत्नीने, मीराताईंनी, चहा विचारला. मी म्हटलं उशीर होतोय. खरं तर कसलाही उशीर होत नव्हता.

पुढचं मला अनयाकडून कळत गेलं. काकांनी आधी थर्मामीटर लावला. आमचा दिवा नुसता उजेड देत होता, ऊब देत नव्हता, आणि अंग तापल्याशिवाय सरड्याला अन्न पचत नाही. त्यांनी दिवे बदलले. पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा रातकिडा द्यायचा नाही, हे तिला शिकवलं. पिल्लाच्या अंगात पळायची ताकद नव्हती, म्हणून रातकिडे पाच मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून सुस्त करायचे, कॅल्शियमच्या पावडरीत घोळायचे, मग सोडायचे. उरलेले लगेच बाहेर काढायचे, नाहीतर तेच पिल्लाला चावतात. तिसऱ्या दिवशी डोसाने पहिला रातकिडा खाल्ला, आठव्या दिवशी एका बैठकीत अकरा. मग काका चिरलेल्या मेथीवरच किडे सोडायला लागले. किडा धरताना तोंडात मेथीही जायची. माझी मेथी डोसाने अशी खाल्ली.

दर शनिवारी परतताना अनया गाडीत अखंड बडबडायची. एकदा म्हणाली, "काका सॉरी म्हणतात."

"कोणाला?"

"क्रिकेट्सना, रातकिड्यांना. ईच वन."

मी खो खो हसले. पुढच्या कार्यक्रमात हा किस्सा रंगवून चार जणींना सांगितलासुद्धा.

मे महिन्यात त्यांच्याकडून बुद्ध जयंतीचं बोलावणं आलं. सहा महिने पिल्लू सांभाळलंय, आता तरी जाऊ या, असं कुमार म्हणाला, म्हणून गेलो. मी स्वयंपाकघरात जाऊन मीराताईंना हळूच विचारलं, "यातलं व्हेज कुठलं?"

"सगळंच," त्या म्हणाल्या. "इकडे आल्या वर्षीच यांनी मांस-मच्छी सोडली. तेव्हापासून घरात येतच नाही."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग ते रातकिडे?"

मीराताईंनी खिरीखालची शेगडी बंद केली. "सकाळी पंचशील म्हणतात. पहिलंच शील, कोणत्याही जिवाची हिंसा करणार नाही. ते म्हणून झालं की लाँड्री रूममध्ये जातात, डोसाला खायला घालायला. पहिले पंधरा दिवस यांना जेवण जात नव्हतं."

मला तिथे उभं राहवेना. लाँड्री रूममध्ये गेले तर भानुदासजी पेटीची काच पुसत होते. आत डोसा चांगला वीतभर झाला होता, शेपूट गुबगुबीत. मी म्हटलं, "तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

त्यांनी फडकं ठेवलं. चष्म्याला हात लावला नाही.

"ताई, मनोहर तुमच्यापासून दोन घरं. तुमचे मिस्टर बर्गर खातात. मंडळातल्या अर्ध्या घरी चिकन शिजते. ते सगळे सोडून तुम्ही पस्तीस मैल ड्राइव्ह करून माझ्याकडे आल्या. का आल्या, ते मला दारातच समजलं न."

"मग हो का म्हणालात?"

"पिल्लू उपाशी होतं," ते म्हणाले. "पोरगी रडत होती. तुमचा हिशेब मग करता आला असता."

आवाज नेहमीचाच, बारीक. रागावले असते तर बरं झालं असतं, मला निदान रडता तरी आलं असतं. मी पेटीकडे बघतच म्हटलं, "डोसाला आज घरी नेते. मी घालीन."

त्यांनी खिशातली वही काढून माझ्या हातात दिली. सहा महिन्यांचं पान न् पान भरलेलं होतं. तापमान, वजन, काय खाल्लं, काय टाकलं. मीराताईंनी रातकिड्यांचा डबा आणि खिरीचा डबा एकाच पिशवीत घालून दिला, आणि मी ती मांडीवर घेऊन पस्तीस मैल बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या फ्रीजमध्ये दह्याशेजारी रातकिडे पाच मिनिटं राहिले. मग ते मी पावडरीत घोळवले. पहिला सोडला. डोसाने मान तिरकी केली आणि एका झेपेत उचलला. अनया टाळ्या पिटत होती.

"सॉरी," मी म्हणाले.

अनयाला वाटलं, मी रातकिड्याला म्हणाले. तिने माझ्या कमरेला मिठी मारली आणि म्हणाली, "काका विल बी सो हॅपी!"

भानुदासजी पुढे तेरा वर्षं मंडळात भेटत राहिले. दर वेळी डोसाची चौकशी करायचे आणि मी त्याचं वजन सांगायचे. तो शब्द मात्र मी त्यांना कधीच म्हणू शकले नाही.