कोणी न पाहिलेली दुनिया

मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत डंपर चालवून पाठीचं लाकूड झालेला पुनाराम सुट्टीला बालाघाटच्या घरी आला, तेव्हा टीव्हीवर परग्रहाचा सिनेमा चालू होता आणि पोरांची जुंपली होती. रजतच्या मते असा सिनेमा भारी होतो तो त्यातल्या यंत्रांनी.

"काही नाही," नूतन म्हणाली, "कोनी पाह्यली नसन अशी दुनिया दिसली पाह्यजे."

पुनाराम टेकला. पडद्यावर ना झाड, ना पाखरू. पायऱ्यापायऱ्यांनी खोल गेलेला खड्डा, लाल धूळ, आणि तोंड बांधून अवजड गाडी हाकणारा एकटा माणूस.

पुनाराम उठला.

"काहून उठले बाबा? आवडला नाही काय?" नूतननं विचारलं.

"चांगला हाये. पण मी आत्ता तिथूनच येऊन राह्यलो."