यमुनाबाईंचे न पाहिलेले डोळे

हे मी आजपर्यंत कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, खोलीतल्या मित्राला नाही — आणि जिथं सगळं सांगायची सोय आहे, तिथं तर अजिबात नाही. मग तुम्हालाच का? खरं सांगू? तुम्ही मला उद्या ड्यूटीवर भेटणार नाही, म्हणून. सुरुवातच भित्री झाली म्हणा. पण विषयही तोच आहे.

आधी माझं सांगतो. मी नाशिकच्या एका मोठ्या रुग्णालयात इमर्जन्सी मेडिसिन शिकतोय, तिसऱ्या वर्षाला. वडील सिन्नर ते नाशिक काळी-पिवळी जीप चालवतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आई शेजारच्या बायकांना मोठ्या थाटात सांगते, "आमचा गणेश इमर्जन्सीत हाय!" — आणि त्या घाबरून विचारतात, "अगं बाई, कवा? काय झालं पोराला?"

यंदा मी चीफ रेसिडेंट झालो. म्हणजे सगळ्यांच्या ड्यूट्या लावायच्या, सगळ्यांची बोलणी खायची आणि नव्या मुलांना शिकवायचं. शिकवणं मला मनापासून आवडतं. इथल्या द्वारका चौकातल्या गर्दीत रुग्णवाहिका अडकली की पंधरा मिनिटं मिळतात, त्या पंधरा मिनिटांतही मी कोणाला तरी पकडून काहीतरी शिकवत असतो. मुलं मला टाळतात, असा माझा अंदाज आहे.

आमच्याकडे शनिवारी दुपारी एक बैठक असते. विभागप्रमुख मॅडमनी सुरू केलेली. मधोमध मिसळीचं पातेलं आणि पाव. नियम एकच — प्रत्येकानं त्या आठवड्यातली आपली एक चूक सांगायची, सगळ्यांचं सांगून झाल्याशिवाय कोणी पावाला हात लावायचा नाही. पहिली चूक मॅडम स्वतःची सांगतात. एवढ्या मोठ्या बाई, वीस वर्षांचा अनुभव, आणि पहिल्या वर्षाच्या पोरांसमोर म्हणतात, "मंगळवारी माझं चुकलं बरं का." मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा इकडं-तिकडं पाहिलं होतं. आमच्या गावात मोठी माणसं असं बोलत नाहीत. कोणी फार पाल्हाळ लावलं की मॅडम म्हणतात, "तर्री गार होतेय, पटकन कबूल कर!" आम्ही तिथं खूप हसतो. आणि शिकतोही, हसता हसता.

त्याच बैठकीत मी खोटं बोललो. पण थांबा — आधी अर्जांचं सांगायला हवं.

सातवीत असल्यापासून मी गावातल्या लोकांचे अर्ज भरतोय. रेशनचे, बँकेचे, शिष्यवृत्तीचे. अक्षर चांगलं होतं. तेव्हा एक गोष्ट पक्की कळली — एक जरी रकाना रिकामा राहिला तर खिडकीतला साहेब अर्ज परत फेकतो, आणि म्हाताऱ्या माणसाची फेरी वाया जाते. म्हणून रकाना रिकामा ठेवायचा नाही. माहीत नसेल तरी काहीतरी लिहायचं. ही सवय घेऊन मी डॉक्टर झालो. पहिल्या वर्षी मॅडम माझा केसपेपर सगळ्यांना दाखवायच्या, "बघा, एक जागा मोकळी सोडत नाही हा." मला काय आनंद व्हायचा! ही सबब म्हणून सांगत नाही. त्या दिवशी माझा हात कसा चालला, एवढंच सांगतोय.

माझं पहिलंच वर्ष. थंडीचे दिवस होते, दुपारचे बारा. यमुनाबाई नावाची एक बाई आली. सुरगाण्याकडची, द्राक्षबागेत कामाला. पोटात कळा आणि उलट्या. बरोबर नवरा काशीराम — किडकिडीत, हातात टोपी धरून उभा. खोलीत पेशंटच पेशंट. मला वाटलं, खाण्यातून झालं असेल. नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, पोट तपासलं. पुढं रकाना होता — डोळ्यांच्या बाहुल्या. मी लिहिलं, नॉर्मल. वेळही टाकली, बारा दहा.

डोळे मी पाहिलेच नव्हते.

तासाभरानं शिंदे सिस्टर हाक मारतच आल्या. बाईंना दरदरून घाम फुटला होता, तोंडातून लाळ येत होती, आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. हे फवारणीच्या औषधाच्या विषबाधेचं लक्षण. आमच्या द्राक्षांच्या पट्ट्यातला साधा शिकाऊसुद्धा ओळखेल.

"डॉक्टर, पेपरवर तर नॉर्मल आहे. तुम्ही बघितलं होतं ना?"

तिथं एक क्षण होता. फार लांब नव्हता, पण होता. मी म्हणालो, "बघितलं होतं. तेव्हा नॉर्मलच होतं."

मॅडम आल्या, इंजेक्शनं सुरू झाली, सगळे धावले. यमुनाबाई वाचल्या — हे आधीच सांगून टाकतो, काळजी नको. तिसऱ्या दिवशी त्या सिस्टरांना दटावत होत्या, चहात साखर कमी म्हणून. पण त्या दुपारी एक प्रश्न उरला. आल्यावर बाहुल्या नॉर्मल आणि तासाभरात अशा — मग मधल्या वेळात पोटात काय गेलं? मधल्या वेळात काशीरामनं बायकोला टपरीवरून चहा आणून दिला होता.

वॉचमननं त्याच्याकडून तो कागदी कप घेतला. वास घेतला. मग पोलीस चौकीतले हवालदार आले, त्यांनीही वास घेतला. "भांडण झालं होतं का रे दोघांचं? खरं बोल."

"चहाच व्हता साहेब. दुसरं काय नाय. तिला थंडी वाजत व्हती."

बाहेरच्या बाकावर त्याला तीन तास बसवून ठेवलं. मी तिथून चार वेळा तरी गेलो असेन. दर वेळी तो उठून उभा राहायचा — डॉक्टर आले म्हणून. एक वाक्य बोललो असतो तर तो मोकळा झाला असता. का नाही बोललो? मॅडम काय म्हणतील, म्हणून. एवढंच. याच्यापेक्षा मोठं कारण मी खूप शोधलं, मिळालं नाही.

संध्याकाळी यमुनाबाई शुद्धीवर आल्या आणि म्हणाल्या, सकाळपासून पिंपातलं औषध उघड्या हातानं ढवळत होते, तिथंच मळमळायला लागलं. विष कातडीतून गेलं होतं. काशीराम सुटला. जाताना त्यानं माझे पाय धरायचा प्रयत्न केला.

आणि शनिवारी? शनिवारी मॅडमनी माझा केसपेपर भिंतीवर मोठा करून दाखवला. "बघा, यानं वेळेसकट नोंद ठेवली, म्हणून आपल्याला कळलं, सुरुवातीला बाहुल्या नॉर्मल असू शकतात. आजपासून एकदा बघून भागायचं नाही. वीस मिनिटांनी पुन्हा बघायचं." माझी चूक सांगायची वेळ आली तेव्हा मी म्हणालो, "मॅडम, मी वीस मिनिटांनी पुन्हा पाहायला हवं होतं." टाळ्या पडल्या. मिसळ मी दोनदा घेतली.

तो नियम आमच्याकडे माझ्या नावानं चालतो. "गणेश फेरी झाली का?" असं सिस्टर विचारतात. सफाईच्या मावशीसुद्धा विचारतात, माझी गंमत करायला. नियम चांगलाच आहे, त्याचा पेशंटना उपयोगही होतो, आणि मीच दर वर्षी तो नव्या मुलांना शिकवतो — माझ्याच खोट्या नोंदीची स्लाइड दाखवून. खरा धडा काय होता? जे पाहिलं नाही ते लिहू नका. तो मी एकदाही शिकवलेला नाही.

गेल्या शनिवारी पूर्वा नावाची पहिल्या वर्षाची मुलगी उठली. येऊन दोनच आठवडे झालेत. म्हणाली, "मी एका आजोबांच्या पायातली ताकद तपासली नव्हती, आणि ठीक आहे असं लिहिलं. मग झोपच येईना हो. सकाळी जाऊन तपासली, आणि पेपरवर तसं लिहिलं." कान लाल झालेले. मॅडम म्हणाल्या, "आज हिला पहिली मिसळ." सगळे हसले, तीही हसली. मला एकदम हलकं वाटलं तिच्यासाठी. कसली धीट मुलगी!

नंतर जिन्यात तिनं मला गाठलं. "सर, तुमच्याकडून झालंय का हो असं कधी?"

विचारलं ते अगदी सहज. मी पण सहजच म्हणालो, "नाही गं. मी बघितल्याशिवाय लिहीत नाही."

"म्हणूनच तुम्ही चीफ," ती म्हणाली, आणि दोन-दोन पायऱ्या उतरत निघून गेली.

त्याच दिवशी मी ती स्लाइड उघडली आणि नोंदीखाली लिहिलं, 'ही तपासणी केलेली नव्हती.' खाली माझं नाव. या शनिवारी मॅडमनंतर मी बोलणार आहे, तशी यादी लावलीय. यादी लावणं माझ्याच हातात आहे.

काशीराम मात्र त्या खोलीत नसेल. द्राक्षांच्या कामाला तो दर थंडीत येतो, आणि आम्हाला भेटून जातो. या वेळी आला की त्याला बसवून सांगायचं आहे की त्या दुपारी त्याच्यावर संशय घ्यायला काहीही कारण नव्हतं. त्याला ते माहीतच होतं. मॅडमना संध्याकाळी कळलं. आणि मला — तो बाकावर बसला तेव्हापासून.