ज्येष्ठमधाची पुरचुंडी

मिरजेहून आगगाडी सुटली तेव्हा माझ्याजवळ एक वळकटी आणि नाटकाचे हँडबिल एवढेच सामान होते. महाराजांच्या कोल्हापुरात संगीत नाटक पाहायचे, ही हौस फार दिवसांची. समोर अमीनभाई नावाचे वृद्ध सारंगिये बसले होते. मी निघालो होतो त्याच नाटकाला ते साथ करणार होते, आणि नायिकेचे काम करणारा नट त्यांचाच शिष्य. मिरजेच्या बाजारातून त्याच्यासाठी त्यांनी ज्येष्ठमधाची पुरचुंडी घेतली होती.

"त्येचा घसा बसलाय, पावणं (पाहुणे)," ते म्हणाले. "तिसऱ्या अंकातलं पद एकदा निभावंल. वन्समोअर आला तर न्हाय. आन आज पद पडलं, तर मालक दुसऱ्याला लुगडं नेसवनार."

मी मोठ्या सहानुभूतीने मान हलवली.

कोल्हापुरात खानावळीत तांबडा रस्सा (मटणाचे तिखटजाळ कालवण) खाल्ला आणि डोळे पुसत "बरा आहे" म्हणालो. वाढणाऱ्याला ते पटले नसावे. त्याने आणखी वाटीभर ओतला. नाटकगृहात तालमीतले पैलवान ऐसपैस बसले होते. दोघांच्या मध्ये मी कसाबसा मावलो.

तिसऱ्या अंकात नायिकेने ते पद घेतले. सारंगी हळूच पुढे होई आणि आवाज तिचे बोट धरून मागून येई. अंगावर काटा आला. पद संपले तेव्हा सारे गप्प होते, आणि त्या शांततेत कोणीतरी "वन्समोअर" म्हणून ओरडले. तो मीच होतो. मग सगळेच ओरडू लागले आणि मीही थांबलो नाही.

रसिकांनी मागितलेले पद नाकारायची रीत नव्हती. दुसऱ्या ओळीलाच आवाज फाटला. अमीनभाईंनी उरलेले पद एकट्या सारंगीवर पुरे केले. नट नुसता उभा राहिला. माझ्या शेजारचा पैलवान उठून म्हणाला, "बाईस्नी दमवू नगासा. फुडं चला."

सकाळी निरोप घ्यायला नाटकगृहावर गेलो. नायिकेचे काम दुसऱ्याकडे गेल्याचे अमीनभाईंनीच सांगितले. हळहळ व्यक्त करायला मी तोंड उघडले, तर माझाच आवाज घोगरा निघाला. त्यांनी ज्येष्ठमधाची पुरचुंडी काढली. मग ती माझ्या हातावर ठेवली.

"ऱ्हाऊ द्या तुमास्नी. तुमचा बी घसा बसलाय की."

मिरज येईपर्यंत मी ती उघडली नाही. पुढे पुष्कळ नाटके पाहिली, पुष्कळ पदांना मान डोलावली. पण गोडी आठवते ती पहिल्या वेळच्या त्या पदाचीच. आणि तेवढ्याने माझे समाधान का झाले नाही, याची लाज अजून वाटते.