देऊन झाल्यावर

पूनम सागर सोसायटीत आमच्या वरच्या मजल्यावर एक सर राहतात. केमिस्ट्रीच्या शिकवण्या त्यांनी बंद केल्यात, शिकवणं नाही. "ॲसिड किती स्ट्राँग, ते प्रोटॉन देताना कळत नाही," जिन्यात अडवून ते सांगतात. "दिल्यावर किती स्वस्थ राहतं, ते बघायचं." हाच नियम ते माणसांना लावतात. सेक्रेटरींनी गणपतीला मखर दिलं आणि वर्षभर ऐकवलं, म्हणून ते अल्कोहोल, सगळ्यांत कमजोर ॲसिड. त्यांची बायको फिनॉल, जरा बरी. देऊन खरंच स्वस्थ राहणारं, म्हणजे कार्बोक्सिलिक ॲसिड, आमच्या बिल्डिंगमध्ये अजून सापडलेलं नाही.

सरांच्या मुलीने घरात सोफा घेतला तेव्हा त्यांनी आपली वेताची आरामखुर्ची मला देऊन टाकली. दुसऱ्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी येतात, त्याच खुर्चीत बसतात, वेतावरून हात फिरवतात आणि "उन्हात नाही ना ठेवत?" असं विचारतात. मग चहा होतो.

परवा मी न राहवून म्हटलं, "सर, या हिशोबाने तुम्ही कोण?"

"अल्कोहोल," ते लगेच म्हणाले.

"मग घेऊन जा ना खुर्ची परत."

त्यांनी कप खाली ठेवला.

"आणि संध्याकाळी जाऊ कुठे?"